न्यार्कोच्या हातचं मीठ

सूप खारट होतं, आणि डॉ. कोनादूला त्याचा फार आनंद झाला. तिने फुफूचा, कसावा कुटून केलेल्या मऊ गोळ्याचा, आणखी एक तुकडा तोडला, बकऱ्याच्या सूपमध्ये बुडवला आणि न चावता गिळला. खारटच. शेजारचे पाहुणे पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडून घटाघटा पीत होते. तक्रार मात्र कोणी करत नव्हतं.

न्यार्कोला जाऊन त्या रविवारी वर्ष झालं होतं. बेक्वाई गावातल्या तिच्या अंगणात, मांडवाखाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जेवत होती. डॉ. कोनादू त्यांपैकी कोणाचीच कोणी नव्हती. ती कुमासीहून आली होती ती न्यार्कोच्या नवऱ्याची, म्हाताऱ्या ड्वोमोची, एक सही घ्यायला.

कोनादू विद्यापीठात शिकवायची. यंत्रं लिहायला लागल्यापासून माणसांच्या लिहिण्याचं काय झालं, हा तिचा अभ्यासाचा विषय. त्यापायी चार वर्षं ती दर शनिवारी अनोळखी लोकांच्या अंत्यविधींना जायची आणि तिथे वाटतात त्या छापील पुस्तिका गोळा करायची. नवऱ्याची श्रद्धांजली, मुलांची श्रद्धांजली, चर्चची श्रद्धांजली. अलीकडच्या सगळ्या यंत्राच्या. प्रत्येक बाई आधारस्तंभ, प्रत्येक पुरुष दीपस्तंभ. वाचून वाचून तिला मेलेल्या माणसांचाच राग यायला लागला होता. घरचे म्हणायचे, "कोणी गेलं की हिला बढती मिळते." बढती कसली! प्रकाशकाने पुस्तक दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने लिहिलं, सगळे हरले म्हणता, तर न हरलेला एक तरी माणूस दाखवा.

तो माणूस तिला न्यार्कोच्या पुस्तिकेत सापडला. ड्वोमोने लिहिलं होतं: 'न्यार्कोचा हात मिठाला सैल होता. तिच्या हातचं सूप जेवलं की मी रात्रभर पाणी प्यायचो. आता घरात पाणी तसंच पडून असतं.'

कोनादू खुर्चीवरून उठूनच उभी राहिली होती. गेलेल्या बायकोच्या स्वयंपाकाला यंत्र नावं ठेवत नाही. तेवढी हिंमत नवऱ्यालाच होते. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिने त्या तीन वाक्यांवर उभं केलं, आणि या वेळी प्रकाशक खूश झाला. आता 'हे मी स्वतः लिहिलं आहे' एवढ्या एका ओळीखाली ड्वोमोची सही हवी होती. शुक्रवारपर्यंत. नाहीतर पुस्तक तिसऱ्यांदा परत, आणि मग कायमचंच.

जेवणं उरकल्यावर तिने हात धुतले आणि कागद ड्वोमोपुढे ठेवला. सुआमेच्या गॅरेजांत चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस तो. त्याने कागद लांब धरून दोनदा वाचला आणि पेन तिला परत दिलं.

"मी नाही लिहिलं ते, बाई."

"म्हणजे?"

"छापखानेवाल्याने फोनवर लिहून घेतलं. यंत्राकडून. मी आठ दिवस वही घेऊन बसलो होतो. 'न्यार्को' एवढंच झालं. पुढे हातच चालेना. तो म्हणाला, बाबा, आज छापायला जायचंय. नाव सांगा, वय सांगा, संसार किती वर्षांचा ते सांगा."

कोनादूची चार वर्षांची मेहनत, सगळं मुसळ केरात. "सगळं यंत्राने? आणि मिठाचं?"

"तेही. मी विचारलं त्याला, हे काय मधेच? तर म्हणाला, मीच सांगितलं यंत्राला, एखादी खोड घाल म्हणून. खोड असली की माणसाने लिहिल्यासारखं वाटतं."

कोनादूला हसावं की रडावं कळेना. ज्या खुणेवरून ती माणूस ओळखत होती, ती बेक्वाईच्या छापखानेवाल्याला तिच्याही आधी ठाऊक होती. मग तिला एकदम जेवण आठवलं.

"थांबा बाबा. आत्ताचं सूप खारट होतं. मी स्वतः खाल्लंय. तुमच्या मुलींना ते आईकडूनच आलं ना? मग यंत्राने अंदाजाने का होईना, खरंच लिहिलं."

"न्यार्को मीठ बेतानंच घालायची. तिला रक्तदाब होता."

"मग मुली?"

ड्वोमोने मांडवाकडे पाहिलं. थोरली सेर्वा पातेल्यातलं उरलेलं सूप डब्यांत भरून पाहुण्यांबरोबर देत होती. लोक डबे घट्ट धरून जात होते.

"मी चर्चमध्ये ते वाचलं, तर रडणारी माणसं हसली. न्यार्कोचा भाऊ उठून म्हणाला, खरंय, मी एकदा तीन पिशव्या पाणी प्यायलो होतो. मग शेजारीण म्हणाली, मी चार. त्या दिवसापासून पोरी असंच करतात. आईची चव म्हणतात."

"अहो, पण त्या जन्मभर तिच्या हातचं जेवल्यात!" कोनादूचा आवाज चढला. दोन पाहुण्यांनी वळून पाहिलं. "तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं की. दोन महिने सांगत होतो. अगं, ती अशी नव्हती. मला म्हणायच्या, बाबा, तुम्ही विसरलात."

कोनादूने सही नसलेला कागद घडी करून पिशवीत टाकला. विचारायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ती उठली. ड्वोमो तिला फाटकापर्यंत सोडायला आला आणि तिथे थांबला.

"कोणाला सांगू नका, बाई," तो म्हणाला. "हल्ली मलाही तिचं सूप खारटच आठवतं."