पेटीवाल्याची लेक

मशीनच्या वायरी काढल्या तसा जाकीरने श्वास रोखून धरला. कानांच्या डॉक्टर संध्या मॅडम पडद्यावरच्या रेघा बघत होत्या. तीन महिन्यांची नूरी झोपेतून जागी झाली. अतिकाने तिला खांद्यावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून ती भराभर थोपटायला लागली.

नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. पोर झाल्यापासून तिचा रुसवा तसाच होता. कारण जाकीरला ठाऊक होतं. त्याचे अब्बा नंदुरबारात पत्र्याच्या पेट्या ठोकायचे. चाळिशीत ते ठार बहिरे झाले. आता तेच रक्तातून लेकीत उतरलं, हेच अतिकाच्या मनात सलत असणार. आणि तिचं तरी काय चुकलं?

"घरी काय जाणवलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. बाई भलत्याच पुटपुटत होत्या. जाकीर त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता.

"पाळणा दुकानमाच शे, मॅडम. मी बाजूले पेटी ठोकस, धाडधाड. तरी पोर डोया बी उघडत नही." त्याने लेकीकडे बोट दाखवलं. "रातले तर हूं की चूं नही. मुकी बी शे का?"

अतिकाने मान वळवून मॅडमकडे पाहिलं. तिचे डोळे विस्फारले होते.

"मुलगी ठणठणीत आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही कान उत्तम. तुमचा हातोडा ती आईच्या पोटात असल्यापासून ऐकतेय. सवय झालीय तिला."

जाकीरचा जीव भांड्यात पडला.

"मंग अब्बाचं?"

"ते रक्तातलं नव्हे. हातोड्यामुळे झालं. तुम्ही किती वर्षं ठोकताय?"

"बारा वरीसना व्हतू, तवयपासून."

"कानात बोळे घालता?"

"मले काय गरज?" तो हसला.

मॅडमनी फाईल उचलून तोंडासमोर धरली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. त्या निकाल वाचताहेत असं समजून जाकीर वाट बघत बसला. अतिकाचे डोळे मात्र भरून आले होते आणि रुसवा कुठल्या कुठे गेला होता.

"काय व्हयनं?" त्याने विचारलं.

मॅडमनी फाईल खाली ठेवली. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून त्याच्यापुढे सरकवलं. लेकीचं औषध असेल म्हणून त्याने ती उचलली.

‘तुमची मुलगी मघापासून टाहो फोडून रडतेय.’