उजवीकडची फिल्म

वकिलांनी दोन फिल्म काचेवर शेजारी शेजारी लावल्या आणि मागचा दिवा पेटवला. डावीकडचा मेंदू धाकट्याचा. त्यानं हातोडीनं मुकादमाचं डोकं फोडलं होतं, आणि मुकादम निपचित पडल्यावरही तो हाणतच राहिला होता. उजवीकडचा त्याच्या जुळ्या भावाचा, म्हणजे समोर अंग चोरून बसलेल्या वायरमनचा. कपाळामागे दोघांनाही तोच काळा डाग, वाटाण्याएवढा.

"डाग जन्मजात आहे, एवढं शाबीत झालं," वकील म्हणाले. "असा डाग असला की हात आवरत नाही, हेच मी कोर्टात सांगणार. फाशी टाळायला दुसरा रस्ता नाही. पण सरकारी वकील विचारणार, मग हा भाऊ कसा गरीब गाय? वहिनी, खरं सांगा. यांनी कधी तुमच्यावर हात उगारलाय?"

वायरमनच्या बायकोला त्याही स्थितीत हसू फुटलं. "हे? अहो, झुरळ निघालं तर स्टुलावर चढून मला हाका मारतात!"

"हेच कोर्टात बोललात, तर दीर गेला म्हणून समजा." फोन वाजला तसे वकील तो घेऊन बाहेर गेले.

वायरमन तिच्याकडे वळला. "सांग ना, मी मारतो म्हणून."

"शपथ घेऊन खोटं? भाऊजींसाठी जीव तुटतो हो माझा. पण नाही जमायचं. एका प्रश्नात फे फे उडेल."

"माझा भाऊ आहे गं तो."

"माहितीये. पण..."

थप्पड अशी बसली की तिच्या कानात शिट्टी वाजली. ओठ फुटला. वायरमनचे डोळे भरून आले होते. "आता खोटं नाही ना? आता सांगशील?"

तिनं मान डोलावली.

ती मान खाली येते न येते तोच दुसरी बसली. मग तिसरी. मग केस मुठीत धरून त्यानं तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कधीच आटलं होतं. ओझं उचलताना फुलतो तसा नुसता श्वास.

वकील धावत आले. त्यांनी त्याला मागं खेचून भिंतीशी दाबून धरलं. त्याची मूठ अजून मिटलेली होती, बोटांत तिचे केस.

"वहिनी," वकील धापा टाकत म्हणाले, "आता... कोर्टात सांगाल ना?"

तिनं मनगटानं ओठ पुसला. काचेमागचा दिवा चालूच होता.

"सांगेन की. पहिली थप्पड भाऊजींसाठी होती." ती उजवीकडच्या फिल्मकडे बघत होती. "पुढचं सगळं यांचं स्वतःचं."