फितीखालून

अपंगांच्या सोयीचा कायदा झाला तरी वाचनालयाच्या दगडी पायऱ्यांना पाझर फुटेना, म्हणून चिमणीएवढ्या मावशीने चाकाच्या खुर्चीतूनच कोर्टाचे हेलपाटे घातले आणि रॅम्प मिळवला. तोवर तिने खुनाची गोष्ट मागायची आणि ग्रंथपालाने पायरीवर 'कोबीची लागवड' हे पुस्तक आणून द्यायचं, असंच चाललं होतं. एकदा तरी कपाटापुढे जाऊन आपल्या हाताने पुस्तक उपसावं, एवढीच तिची आस होती.

उद्घाटनाला रॅम्पच्या तोंडाशी लाल फीत बांधली. पाहुणे आलेले साहेब ताडमाड, त्यांना वाकायला नको म्हणून थेट त्यांच्या खांद्याएवढी उंच.

"आधी साहेब, मग कमिटी, मग तुम्ही. मध्ये घुसू नका हं मावशी," ग्रंथपालाने बजावलं.

"मी कशाला घुसू बाई," मावशी म्हणाली.

साहेबांचं भाषण रंगलं, टाळ्या झाल्या, आणि मग कात्रीची शोधाशोध सुरू झाली. ती सापडली तेव्हा मावशी जागेवर नव्हती.

आतून, कपाटांच्या मधून, पानं चाळत तिचा आवाज आला, "होऊ द्या सावकाश, साहेब. फीत तुमच्याच वाटेत आहे."