चिकूची पाटी

सकाळपासून दोन बागा बघून झाल्या होत्या, तरी लंकाबाई दमली नव्हती. राहुरीकडून नगरला ती आजवर आली होती ती दवाखान्यासाठी, नाहीतर कचेरीच्या कामाला. बाग बघायला म्हणून तिला कुणी आणलं नव्हतं. आज नात ज्योतीनं सुट्टी काढली, तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि सांगून टाकलं, आज फक्त बागा. पहिल्या बागेत ज्योती बाकावर बसून घे म्हणाली, तर बसायला घरी जागा आहे असं म्हणून लंकाबाई झाडाझाडाला हात लावत पुढं निघून गेली होती.

तिसऱ्या बागेत शिरताच तिला दोर दिसला. एका उंच, गच्च हिरव्या झाडावर चढून सहादेव नावाचा कामगार शेंड्याला दोर बांधत होता. खाली दोघं जण करवत घेऊन थांबले होते. बागेचा मुकादम मच्छिंद्र हातात कागद धरून लोकांना लांब सरकवत होता. बुंध्याला पत्र्याची जुनी पाटी होती.

ज्योतीनं विचारल्यावर मच्छिंद्रनं सांगितलं, की इथं व्यायामाची यंत्रं बसणार आहेत आणि हे एकच झाड आड येतंय. चिकूचं झाड असून चौदा वर्षांत त्यानं एक चिकू दिलेला नाही. तोडायची रीतसर परवानगी आहे.

लंकाबाईला वाचता येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय ते तिनं ज्योतीला विचारलं. ज्योतीनं सांगितलं, चिकू. लंकाबाईनं खाली पडलेलं एक पान उचललं, उलटंसुलटं केलं, त्याच्या शेंड्यावरून अंगठा फिरवला आणि मुकादम नको नको म्हणत असताना सरळ बुंध्याशी जाऊन उभी राहिली.

"ह्यो चिकू न्हाई," ती म्हणाली. "खिरनी हाय."

मच्छिंद्र हसला. नऊ वर्षं या बागेत काढली आहेत, म्हणाला, आणि यादीतही चिकूच लिहिलंय. लंकाबाईनं वाद घातला नाही. तिनं पान त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. चिकूच्या पानाला टोक असतं, याच्या शेंड्याला खाच होती. मग तिनं त्याला समजावून सांगितलं. तीस वर्षं ती राहुरीजवळ एका रोपवाटिकेत कामाला होती. चिकू बियांपासून कुणी वाढवत नाही. खिरणीच्या रोपावर चिकूची फांदी बांधून कलम करतात. कलम धरलं तर चिकू होतो. मेलं, तर खालची खिरणी आपली आपण वाढत राहते.

बोलता बोलता ती खाली बसली आणि बुंध्याजवळची माती बोटांनी उकरू लागली. वीतभर माती निघाल्यावर खोडाच्या एका बाजूला जुना, काळा पडलेला व्रण दिसला. भोवतीच्या सालीनं तो चारी बाजूंनी आवळून घेतला होता.

"हितं चिकू बांधला हुता. त्यो मेला, ही जगली."

मच्छिंद्र वाकून बघत राहिला. तेवढ्यात ज्योतीनं त्याच्या हातातला कागद वाचायला मागितला.

"दादा, परवानगी एका चिकूच्या झाडाची आहे," ती म्हणाली. "या कागदावर खिरणी कशी तोडणार?"

मच्छिंद्रनं करवतवाल्यांना थांबायला सांगितलं आणि साहेबांना फोन लावला. फोन लागेपर्यंत लंकाबाईनं मान वर करून सहादेवला विचारलं, की उन्हाकडच्या फांद्यांना पिवळं काही दिसतंय का. खिरणीला फळ धरायला लई वर्षं लागतात, पण आता वय झालंय तिचं. सहादेव पानांत दिसेनासा झाला. खाली सगळे वर बघत उभे राहिले. चालायला आलेल्या बायकाही थांबल्या.

"आहेत," वरून आवाज आला. "निंबोळीएवढी. लई आहेत."

लंकाबाईनं त्याला फांदी हलवायला सांगितलं. टपटप पिवळी फळं पडली. मग एकच गडबड उडाली. पोरं घसरगुंडी सोडून धावली, बायकांनी ओढण्या पसरल्या, करवतवाले करवत ठेवून वेचायला लागले. लंकाबाईनं एक फळ पदराला पुसून मच्छिंद्रच्या हातावर ठेवलं. फोन कानाला लावूनच त्यानं ते तोंडात टाकलं. साहेब पलीकडून काहीतरी विचारत होते.

"गोड आहे साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी काम थांबवायला सांगितलं. ते स्वतः येऊन बघणार होते.

दोर सुटला. फळांच्या चिकानं ओठ चिकटलेली पोरं खदाखदा हसत होती. मच्छिंद्र आता लंकाबाईला मावशी म्हणू लागला होता. ही रोपं चौदा वर्षांपूर्वी टेम्पोनं तुमच्या राहुरीकडूनच आली होती असं ऐकलंय, असं तो म्हणाला.

लंकाबाई पुन्हा झाडाकडं वळली. त्या साली रोपवाटिकेत चिकू बांधायला दोघीच होत्या, ती आणि राहीबाई. हजारो कलमं बांधली. टेम्पो भरून गेला की ती कुठं लागली, जगली का मेली, काही कळत नसे. तिनं खोडाला दोन्ही हातांनी विळखा घातला.

"आजी, मग हे कलम तू बांधलेलं असेल," ज्योती म्हणाली.

"राहीबाईचं आसंल. माझी मरत नव्हती."

मग पायाशी पडलेलं एक फळ उचलून तोंडात टाकलं, डोळे बारीक करून चघळलं.

"न्हाई," ती म्हणाली, "माझंच आसंल."