चुंबकाची भिंत

आमच्या नव्या स्वयंपाकघरात मी हौसेनं चुंबकाची भिंत करून घेतली. भांडं नुसतं टेकवायचं, तिथंच लटकून राहतं!

सासूबाईंनी पहिलं पातेलं टेकवलं. ते धाडकन ओट्यावर आलं. मग तांब्या, परात, ताटं, सगळ्यांची तीच गत. मी रडकुंडीला आले आणि त्या खुदुखुदू हसायला लागल्या. "अगं, निपाणीच्या बाजारात चुंबक लावून बघून घेतल्यात मी सगळी. चांगलं स्टील चिकटत न्हाय! चिकटलं की हलका माल, दुकानदाराला परत!"

मलाही हसू आवरेना. डोळे पुसत मी शेवटचा मोठा डबा टेकवला. तो मात्र घट्ट चिकटला.



त्याच्यावर माझ्या बाबांचं नाव कोरलेलं होतं, आमच्या लग्नाच्या तारखेसकट.