अतिशयोक्तीचं उदाहरण

भाषेच्या सरांनी नवं पाठ्यपुस्तक उघडलं आणि शिरस्त्याप्रमाणे पहिल्या बाकावरच्या मुलीला मोठ्यांदा वाचायला लावलं.

“अतिशयोक्ती. उदाहरण : ‘ही पोरगी दोन ओळी धड लिहील, त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल.’”

वर्ग खिदळला. सर मात्र हसले नाहीत. वाक्य त्यांचंच होतं. वीस वर्षांपूर्वी एका मुलीला बाकावर उभं करून सुनावलेलं. त्यांनी हळूच पहिलं पान उलटून लेखिकेचं नाव पाहिलं.

“सर, असं कोण कुणाला बोलतं?”

“पुढचं वाच.”

पाठ्यपुस्तक दहा वर्षं बदलणार नव्हतं. ते लिहायला होकार देण्याआधी लेखिकेने शाळेत फोन करून एकच चौकशी केली होती : सरांच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत?

“नऊ,” कारकून म्हणाला.

“मग पुरेल,” ती म्हणाली.