महिनाभर निवडलेली चिप

नझीरची जुनी डिझेल पिकअप आंबेनळी घाट तिसऱ्या गिअरवर चढून गेली. हे खोटं आहे; हे वाक्य कुणी वाचलंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

त्याची गाडी घाटात रखडत महाडहून महाबळेश्वरला मासळी घेऊन पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. "सोमवारी पण असंच झालं तर दुसरी गाडी लावतो," असं मासळी घेणाऱ्या तिथल्या हॉटेलवाल्याने सांगून टाकलं होतं. इंजिनाची ताकद वाढवणारी चिप नझीर महिनाभर मोबाइलवर निवडतच होता. निळी की लाल, यावरून बायकोशी अबोलाही झाला. शेवटी लाल आली.

पोलादपूरच्या मंगेश मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि चिप परत नझीरच्या हातात ठेवली.

"ही गाडीच्या कंप्युटरला जोडतात रे. तुझ्या गाडीत कंप्युटरच नाय."

"मग आता?"

"चिप एक नंबर हाय. तिला शोभेल अशी गाडी बघ."



त्याच दुपारी नझीरने बांधकाम खात्याकडे अर्ज दिला: 'तरी माझ्या वाहनाचे वय विचारात घेऊन सदर घाटाचा चढ सोमवारपूर्वी कमी करून मिळावा, ही नम्र विनंती.'